कोपऱ्यातली सही

चेन्नईहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता धरला की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. एके काळचं हे साधंसुधं खेडं. १९९० मध्ये तिथे मोटार शर्यतींचा ट्रॅक सुरू झाला. १९९८ मध्ये ह्युंदाईच्या कारखान्यातून पहिली सँट्रो बाहेर पडली आणि बघता बघता सगळा परिसर कारखान्यांचा झाला. मोटारगाड्यांच्या उद्योगातली माणसं काम असेल तिथे जातात. त्यांच्यामागोमाग त्यांचं बिऱ्हाडही जातं.

समजा, असंच एक मराठी बिऱ्हाड पुण्याहून बदली होऊन या बाजूला आलं आहे. नवरा पाळीप्रमाणे कामावर. मुलगी कॉलेजात. राहिली घरची बाई. दुकानावरच्या पाट्या वाचता येत नाहीत, भाजीवालीशी बोटांनी बोलावं लागतं, दुपार संपता संपत नाही. अशात शेजारची उत्तर भारतीय बाई प्रेमानं म्हणते, "भाभीजी, मंगळवारी आमच्याकडे या. आम्ही आठदहा जणी जमतो. चहा होतो, गप्पा होतात आणि एक दीदी टॅरो कार्ड काढतात."

ती जाते. दीदी रंगीत पत्ते पसरतात, एक उचलायला सांगतात आणि म्हणतात, "तुम्ही वरून हसता, पण आत काहीतरी सलतंय." हिच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. कित्येक महिन्यांत इतकं आपुलकीनं कुणी बोललेलंच नसतं. पुढच्या मंगळवारी ती आपणहून जाते. त्याच्या पुढच्या मंगळवारी थोडी फी भरते. मग गटाची सभासद हो, शिकून घे, तुझ्यातही ती शक्ती आहे, असा आग्रह सुरू होतो. मुलीच्या स्थळाचा विषय निघतो, पुण्याला परत जायची संधी घ्यावी की नाही हा विषय निघतो. दीदी म्हणतात, "दोघांचे फोटो घेऊन या. मागे नाव लिहा आणि तुमची सही करा. फोटोवरून सगळं कळतं."

रात्री जेवणं आटोपल्यावर ती टेबलाशी बसते. समोर नवऱ्याचा आणि मुलीचा फोटो, हातात पेन. आणि का कोण जाणे, तिचा हात थांबतो.

तिला तशीच थांबू द्यावी आणि तेवढ्यात त्या पत्त्यांची गोष्ट ऐकावी. कारण फोटो आणि सही या दोन्ही गोष्टींशी त्या पत्त्यांचा फार जवळचा संबंध आहे.

खेळ होता, त्याची विद्या झाली

टॅरोचा संच ७८ पानांचा. त्यातली ५६ पानं आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी चार रंगांची. फक्त बदाम-इस्पिकाऐवजी पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. उरलेली २२ पानं चित्रांची. राजा, राणी, संन्यासी, मृत्यू, चंद्र, सूर्य अशी.

हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाले. मिलानच्या ड्यूक घराण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेली पानं आजही संग्रहालयांत आहेत. ते भविष्यासाठी बनलेले नव्हते. तो हात करण्याचा खेळ होता आणि ती २२ चित्रं म्हणजे कायमची हुकमाची पानं होती. मेंढीकोट खेळणाऱ्या घराला हे वेगळं समजावून सांगायला नको. फ्रान्समध्ये आजही टॅरो हा पत्त्यांचा खेळ म्हणून घरोघर खेळला जातो.

आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा आठवून पाहा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत साक्षात देव पानांवर उतरलेले असतात. तरीही कोकणात तो खेळच राहिला.

टॅरोचं नशीब वेगळं निघालं. १७८१ मध्ये पॅरिसच्या आंत्वान कूर द जेबलँ या पंडितानं लिहिलं की, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांनी लपवून ठेवलेलं ज्ञान आहे. पुरावा काही नव्हता. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती शांपोलियाँनं उलगडली १८२२ मध्ये, आणि त्या लिपीत टॅरोचा मागमूस सापडला नाही. पण तोपर्यंत चाळीस वर्षं गेली होती. पॅरिसमध्येच एतेला या टोपणनावाच्या माणसानं भविष्य सांगण्यासाठी वेगळे पत्ते छापून त्याचा धंदाही मांडला होता. हजारो वर्षांची विद्या म्हणतात तिचं वय हे असं सव्वादोनशे-अडीचशे वर्षं आहे.

एक एकटी मुलगी

आज जगभर आणि आपल्याकडेही सर्वांत जास्त वापरला जाणारा टॅरोचा संच रायडर-वेट या नावानं ओळखला जातो. रायडर हे लंडनच्या प्रकाशकाचं नाव. वेट म्हणजे आर्थर एडवर्ड वेट, गूढविद्येचे लेखक. चित्रं मात्र या दोघांपैकी कुणाचीच नाहीत. ती काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईनं. संचाच्या नावात तिचं नाव नाही.

पामेलाचा जन्म १८७८ मध्ये लंडनचा. आईवडील अमेरिकन. वडिलांच्या नोकरीपायी लहानपण मँचेस्टरला आणि नंतर जमैका बेटावर गेलं. तिथल्या बायकांकडून ऐकलेल्या अनान्सी या लबाड कोळ्याच्या गोष्टी तिनं पुढे पुस्तकरूपानं छापल्या. पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कला चित्रकला शिकायला गेली. १८९६ मध्ये आई वारली, १८९९ मध्ये वडीलही गेले. विशीतली ही मुलगी पोरकी होऊन लंडनला परतली. तिथे विख्यात अभिनेत्री एलन टेरीच्या नाटकमंडळींनी तिला आपलीशी केली. एलन टेरीनं तिचं लाडाचं नाव ठेवलं, पिक्सी. म्हणजे छोटी परी.

१९०१ मध्ये कवी यीट्स यांच्या ओळखीनं पामेला 'गोल्डन डॉन' नावाच्या मंडळात दाखल झाली. १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेलं हे गुप्त मंडळ होतं. दीक्षा, पायऱ्या, गुप्ततेची शपथ, मंत्रतंत्र, ज्योतिष आणि टॅरो असा सगळा सरंजाम तिथे होता. पामेला तिथे कशासाठी गेली असेल? मंत्रतंत्रात ती फार वरच्या पायरीपर्यंत कधी पोचली नाही. पण आईवडील नसलेल्या, तीन देशांत वाढलेल्या मुलीला चार माणसांचं वर्तुळ हवं असणं यात नवल काहीच नाही. मंगळवारच्या चहाला जाणाऱ्या बाईला ते लगेच कळेल.

त्या मंडळात पुढे भांडणं झाली, फाटाफूट झाली. पामेला वेट यांच्या गटाबरोबर राहिली.

प्लॅटिनमचे फोटो

पामेलाला एक वेगळी देणगी होती. संगीत ऐकलं की तिच्या डोळ्यांसमोर चित्रं उभी राहत. बीथोवेन किंवा देब्यूसी यांचं संगीत चालू असताना ती भराभर रंगवत असे. ही चित्रं घेऊन ती न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टीगलिट्झ यांच्याकडे पोचली.

स्टीगलिट्झ हे त्या काळचे अमेरिकेतले मोठे फोटोग्राफर. फोटो हे यंत्राचं काम, त्यात माणसाची कला कुठली, असं तेव्हा भलेभले म्हणत. त्याविरुद्ध स्टीगलिट्झ आणि त्यांचे सोबती हट्टानं उभे राहिले. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, तशी ही मंडळी आपल्या फोटोंच्या छापांवर सही किंवा नावाची अक्षरं गुंफलेली खूण करत. हा छाप यंत्रानं नाही, मी घडवलेला आहे, त्याची बरीवाईट जबाबदारी माझी आहे, हा त्या सहीचा अर्थ.

फिफ्थ अव्हेन्यूवरच्या २९१ क्रमांकाच्या इमारतीत त्यांचं छोटं दालन होतं. तिथे फक्त फोटो लागत. जानेवारी १९०७ मध्ये पहिल्यांदाच फोटोंऐवजी चित्रं लागली, आणि ती होती पामेलाची. प्रदर्शन गाजलं. स्टीगलिट्झ यांनी तिच्या २२ चित्रांचे फोटो काढून त्यांचा प्लॅटिनम छापांचा संच तयार केला. नेहमीच्या कृष्णधवल फोटोत चांदी असते, ती काळानं काळवंडते, पिवळी पडते. प्लॅटिनम मात्र कागदाच्या तंतूंतच बसतं आणि कागद टिकेल तोवर टिकतं. मृत्यूनंतरही आपलं काम राहावं असं वाटणाऱ्या कलावंताला याहून चांगली भेट ती कोणती?

दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, वेट यांनी तिला टॅरोची चित्रं काढायला सांगितली. जेमतेम सहा महिन्यांत तिनं सगळी चित्रं पुरी केली आणि त्याच डिसेंबरात संच बाजारात आला. जुन्या संचांत चार रंगांच्या साध्या पानांवर नुसते मोजून पेले किंवा तलवारी असत. पामेलानं तिथेही माणसं आणली, प्रसंग आणले. अंथरुणात उठून तोंड झाकून बसलेली बाई, बर्फात देवळाच्या खिडकीखालून जाणारी गरीब जोडी. बघणाऱ्याला त्यात आपलीच गोष्ट दिसावी अशी ही चित्रं आहेत. हा संच लोकप्रिय झाला त्याचं मोठं श्रेय या चित्रांना आहे.

ही दृश्यं कुठल्या दैवी साक्षात्कारातून आली का? इथे पुन्हा फोटोच पुढे येतात. इटलीतल्या सोला-बुस्का घराण्याकडे पंधराव्या शतकातला एक संच होता. त्याच्या सगळ्या पानांचे कृष्णधवल फोटो १९०७ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मिळाले. तीन तलवारींनी छेदलेलं हृदय, काठ्यांच्या भाऱ्याखाली वाकलेला माणूस ही पामेलाची चित्रं त्या फोटोंशी इतकी जुळतात की, तिनं ते पाहिले असावेत असं अभ्यासक मानतात. मेहनती कलावंत असंच करतो. संग्रहालयात जातो, जुनं पाहतो, त्यातून नवं करतो.

काम संपल्यावर तिनं स्टीगलिट्झ यांना पत्र लिहिलं. काम डोंगराएवढं झालं आणि पैसे मात्र अगदी थोडे मिळाले, असं त्यात होतं. पुढे त्या पत्त्यांच्या अगणित प्रती खपल्या. त्यातला हिस्सा तिला मिळाला नाही. १९११ मध्ये तिनं कॅथलिक पंथ स्वीकारला, कॉर्नवॉलच्या किनारी घर घेऊन पाद्री लोकांसाठी विश्रामगृह चालवलं. १९५१ मध्ये ब्यूड या गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. ते फेडायला तिचं सामान लिलावात गेलं. तिची कबर कुठे आहे हेही आज कुणाला सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र कुणाला पुसता आली नाही. टॅरोचं पान हातात घेऊन नीट पाहा. खालच्या बाजूला, बहुतेक वेळा कोपऱ्यात, एकमेकींत गुंतलेली तीन अक्षरं दिसतील, पी, सी आणि एस. जवळपास प्रत्येक पानावर ती आहेत. इजिप्तच्या पुजाऱ्यांचं म्हणून जे पान पुढे सरकवलं जातं, त्याच्यावर लंडनच्या एका कष्टाळू बाईची सही आहे.

आता एक गंमत. स्टीगलिट्झ यांनी संचासाठी चित्रं निवडली २२ आणि टॅरोची हुकमाची पानंही २२. दोन वर्षं आधीच तो आकडा उमटला होता! एखाद्या मंगळवारी हे सांगितलं तर अंगावर काटा यावा. पण बावीस हा काही दुर्मीळ आकडा नाही. क्रिकेटच्या दोन संघांचे खेळाडू २२, खेळपट्टीची लांबी २२ यार्ड. जुळणारे आकडे लक्षात राहतात, न जुळणारे शेकडो विसरले जातात. गूढ बहुतेक वेळा असंच तयार होतं.

काचेवरचा सिंह

सहीचं महत्त्व सांगणारी आणखी एक गोष्ट त्याच इंग्लंडातली आहे. क्रू नावाच्या गावात विल्यम होप हा सुतारकाम करणारा माणूस होता. आपण काढलेल्या फोटोत मेलेली माणसं उमटतात असं तो सांगे. त्याच्याभोवती एक मंडळही जमलं होतं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात घराघरांतले तरुण मुलगे गेले होते. मागे राहिलेले आईबाप होपकडे येत, खुर्चीवर बसत आणि फोटोत आपल्या खांद्यामागे धुरकट चेहरा पाहून रडत घरी जात.

तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघत. फेब्रुवारी १९२२ मध्ये हॅरी प्राइस नावाचा संशोधक होपकडे स्वतःच्या प्लेटा घेऊन गेला. त्या बनवणाऱ्या कंपनीनं क्ष-किरणांनी त्यांच्यावर आपलं बोधचिन्ह, सिंहाची आकृती, गुपचूप उमटवून ठेवली होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती. प्लेट रसायनातून धुऊन काढली की मगच दिसणार होती. होपनं फोटो काढला. फोटोत आत्मा आला, पण सिंह आला नाही! म्हणजे अंधारात केव्हातरी प्लेट बदलली गेली होती. चेहरा आधीच तयार करून ठेवलेल्या दुसऱ्या प्लेटवर होता.

शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तरीही होपची बाजू घेऊन त्याच वर्षी पुस्तक लिहिलं. त्यांचा तरुण मुलगा १९१८ मध्ये गेला होता. जगातला सर्वांत चाणाक्ष गुप्तहेर ज्यांच्या लेखणीतून उतरला, तेही या बाबतीत बापच ठरले. त्यांना हसू नये. दुःखात असलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

पोपट आणि पत्रिका

तामिळनाडूत पत्त्यांवरून भविष्य सांगायला लंडनच्या संचाची गरज कधीच नव्हती. तिथे किळी जोसियम आहे. किळी म्हणजे पोपट. पिंजऱ्यातून पोपट बाहेर येतो, देवांची चित्रं असलेल्या पत्त्यांतून चोचीनं एक ओढतो आणि ज्योतिषी त्यावरून भविष्य सांगतो. आपल्याकडे जत्रेत, देवळाबाहेर असा पोपटवाला सर्वांनी पाहिला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत.

एप्रिल २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात कडलूर मतदारसंघातला एक उमेदवार अशा पोपटवाल्यापुढे बसला. पोपटानं पान ओढलं आणि विजय नक्की असल्याचं भाकीत झालं. त्याची दृश्यं सगळीकडे पोचली, तशी वनखात्यानं कारवाई करून पोपट ताब्यात घेतले. ४ जूनला निकाल लागला. तो उमेदवार हरला होता.

एका पोपटावरून निष्कर्ष काढू नये, हे म्हणणं बरोबर आहे. म्हणून २००८ मधला पुण्याचा प्रयोग पाहावा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांबरोबर ज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका देऊन एवढंच विचारलं की, यातली हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती? २८ उत्तरं बरोबर आली तर ज्योतिषी उत्तीर्ण. ५१ जणांनी भाग घेतला, २७ जणांनी उत्तरं पाठवली. ठरवलेली पायरी कुणालाही गाठता आली नाही. सरासरी यश होतं ४६ टक्के. नाणं उडवून छापा-काटा केला असता तरी साधारण तेवढंच मिळालं असतं.

या प्रयोगाची खरी ताकद आकड्यांत नाही, पद्धतीत आहे. ज्योतिषांनी उत्तर कागदावर लिहून द्यायचं होतं, आणि नंतर ते पडताळून पाहता येत होतं. मंगळवारच्या बैठकीत असं कधी होतं का?

मग ते पटतं कसं?

"पण मला तर सगळं बरोबर सांगितलं!" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. ते किती जुळतं यासाठी ० ते ५ गुण द्यायला सांगितले. सरासरी निघाली ४.२६. सगळे खूश. मग त्यानं सांगितलं की, सर्वांना दिलेलं वर्णन शब्दशः एकच होतं आणि त्यातला मजकूर बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता!

"तुम्ही वरून हसता, पण आत काहीतरी सलतंय." हे वाक्य कुणाला लागू पडणार नाही? परगावी आलेल्या बाईला तर नक्कीच लागू पडतं. त्यात पुन्हा सांगणारी समोरच्या चेहऱ्याकडे पाहत असते. हातातल्या बांगड्या, बोलण्यातला हेल, स्थळाचा विषय निघताच कपाळावर येणारी आठी, सगळं टिपत असते. पुष्कळदा हे तिच्या स्वतःच्याही लक्षात येत नसतं. पत्ते वाचणाऱ्या सगळ्याच बायका लबाड असतात असं मुळीच नाही. कित्येकींचा त्यावर मनापासून विश्वास असतो. म्हणूनच त्यांचं बोलणं पटतं.

नुकसान होतं ते पुढे. मुलीनं नाकारलेलं स्थळ पत्त्यांनी चांगलं ठरवलं, तर आई मुलीचं ऐकेनाशी होते. बदलीबद्दल नवरा-बायकोनं बसून बोलायचं असतं, ते बोलणं तिसरीकडेच जातं. घरातले फोटो, नावं, जन्मतारखा, भांडणं आणि पैशांच्या अडचणी आठदहा घरांना माहीत होतात. आणि सल्ला चुकला तर? तेव्हा पत्त्यांची चूक नसते. "तुमची श्रद्धा कमी पडली," असं उत्तर ठरलेलं असतं.

डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर सही करतो. वकील, हिशेब तपासनीस, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे सही करतात. चूक झाली तर कुणाला विचारायचं ते त्यावरून कळतं. पामेलानं थोडक्या पैशांत काढलेल्या चित्रांवरही सही केली. पण त्या चित्रांवरून जे सांगितलं जातं, त्यावर सांगणारी कधीही सही करत नाही. उलट ऐकायला येणारीकडूनच सही मागितली जाते.

सही करावीच, पण कुठे?

आता त्या टेबलाशी परत यायला हरकत नाही. फोटोमागे लिहायला तिनं पेन उचललं होतं, ते काही वाईट नव्हतं. घरातल्या फोटोंच्या मागे लिहायलाच हवं. प्रत्येक घरात जुन्या अल्बममध्ये अशी एक तरी बाई असते, नऊवारीतली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली, जिचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. राजा दीनदयाळ यांच्यासारखे जुने फोटोग्राफर आपल्या फोटोंवर नाव आणि क्रमांक घालत, म्हणून ते फोटो आज ओळखता येतात. घरच्या फोटोंना ते भाग्य आपणच द्यायचं असतं.

त्यासाठी दोनतीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बॉलपेननं लिहू नये. दाबामुळे पुढच्या बाजूला वळ उमटतात आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. जुन्या कागदी फोटोंमागे कडेला, मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहावं. हल्लीच्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, त्यांच्यासाठी फोटोवर लिहायचं खास पेन घ्यावं, किंवा फोटो कागदी पाकिटात ठेवून पाकिटावर आधीच लिहून घ्यावं. कोण आहे, कुठे आहे, साल कोणतं आणि फोटो कुणी काढला, एवढं पुरे. खाली लिहिणाऱ्याचं नाव असावं.

तिनं असं केलं तर त्या फोटोच्या मागे मुलीचं नाव येईल, इरुंगाट्टुकोट्टै येईल, साल येईल आणि आईची सही येईल. मग तो फोटो दीदींकडे न जाता घरच्या अल्बममध्ये जाईल. स्थळाबद्दल काय वाटतं हे मुलीलाच विचारता येईल. नवऱ्याची पाळी संपली की बदलीबद्दल त्याच्याशी बोलता येईल.

आणि मंगळवारचं काय? त्या आठदहा जणी काही वाईट नव्हेत. त्याही कुठून कुठून येऊन या रस्त्याच्या कडेला विसावलेल्या आहेत, त्यांच्याही दुपारी लांबच आहेत. त्यांना सोडायचं कारण नाही. पुढच्या मंगळवारी चहाला त्यांना आपल्या घरी बोलवावं. प्रत्येकीला आपापला जुना अल्बम आणायला सांगावं. कांदेपोहे करावेत. शेजारणीकडून भाजीवालीपुरते चार तमिळ शब्द शिकून घ्यावेत. आणि पत्ते काढायचेच असतील, तर नेहमीचे बावन्न पत्ते काढून सगळ्यांना मेंढीकोट शिकवावा. त्यात हुकूम कोणता हे खेळणारे स्वतः ठरवतात.